किनारी राज्याचे ऊर्जा-अर्थकारण : तामिळनाडूच्या वाऱ्याचा जमाखर्च

स्वच्छ ऊर्जेचा पुरस्कार आपल्याकडे बहुधा पर्यावरणाच्या अंगाने केला जातो. हवामानबदल, कार्बन उत्सर्जन, आंतरराष्ट्रीय करार हे शब्द उत्तरपत्रिकेत आले की विषय संपला, असा परीक्षार्थींचाही समज असतो. परंतु एखाद्या राज्याच्या ऊर्जामंत्र्यापुढे किंवा वीज वितरण कंपनीच्या वित्त संचालकापुढे जो प्रश्न असतो, तो याहून साधा आणि याहून कठीण असतो. एक युनिट वीज मिळविण्यासाठी तिजोरीतून किती रुपये जातात, ते कोणाच्या खिशात जातात आणि ती वीज गरजेच्या वेळी हाती येते काय, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भारतात तामिळनाडूइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तामिळनाडूला सुमारे हजार किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. दगडी कोळसा मात्र राज्याच्या वाट्याला आलेला नाही. नेवेली येथील लिग्नाइट वगळता औष्णिक विजेसाठी लागणारा सारा कोळसा बाहेरून आणावा लागतो. याउलट पश्चिम घाटाची रांग राज्याच्या सीमेवर जेथे जेथे खंडित होते, तेथून नैर्ऋत्य मोसमी वारे वेगाने आत शिरतात. पालघाट, कंबम, शेनकोट्टाई आणि कन्याकुमारीजवळील अरलवायमोळी या त्या खिंडी होत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तामिळनाडूत अल्प पडतो. राज्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणजे जून-जुलैत केरळला पाऊस मिळतो आणि घाटापलीकडील तामिळनाडूला उरतो तो वारा. शेतीच्या दृष्टीने ही निसर्गाची कृपणता. ऊर्जेच्या दृष्टीने मात्र ती मोठी देणगी ठरली. मार्च २०२५ अखेर राज्यातील पवन ऊर्जेची स्थापित क्षमता ११ हजार मेगावॅटहून अधिक, तर सौर ऊर्जेची क्षमता सुमारे १० हजार मेगावॅट होती. देशाच्या तेव्हाच्या एकूण ५० हजार मेगावॅट पवन क्षमतेपैकी एक पंचमांशाहून अधिक वाटा एकट्या तामिळनाडूचा होता. अनेक वर्षे प्रथम क्रमांकावर असलेल्या या राज्याला गुजरातने २०२३ मध्ये मागे टाकले. ते का, याचाही उलगडा पुढील विवेचनातून काही अंशी होईल.

कोळशाचा खरा भाव

औष्णिक विजेच्या खर्चाचे दोन भाग असतात. यंत्रसामग्रीवरील कर्जाचे हप्ते, व्याज, पगार व देखभाल हा स्थिर खर्च होय. केंद्र बंद राहिले तरी तो चुकत नाही. इंधनाचा खर्च हा बदलता खर्च होय. तो प्रत्येक युनिटामागे वाढतो. खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या केंद्रात हा बदलता खर्च कमी असतो. तामिळनाडूची स्थिती नेमकी उलट आहे. ओडिशातील तालचेर परिसरातील कोळसा प्रथम रेल्वेने पारादीप बंदरात येतो, तेथून जहाजाने एन्नोर किंवा तुतिकोरीनला उतरतो. या वाहतुकीसाठी राज्य शासनाने १९७४ मध्ये पुंपुहार शिपिंग कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी काढली, तर २००१ मध्ये सुरू झालेले एन्नोर बंदर प्रामुख्याने औष्णिक केंद्रांच्या कोळशासाठीच बांधण्यात आले. मेट्टूरचे केंद्र तर किनाऱ्यापासून दूर, अंतर्भागात आहे. तेथे बंदरावरून कोळसा पुन्हा रेल्वेने न्यावा लागतो.

या प्रवासाचा अर्थ आकड्यांत पाहू. भारतीय कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी स्थूलमानाने ७०० ग्रॅम कोळसा लागतो. वाहतूक व हाताळणीवर प्रतिटन १,५०० रुपये खर्च होतात असे उदाहरणादाखल गृहीत धरल्यास प्रत्येक युनिटामागे १ रुपया ५ पैसे केवळ वाहतुकीचे होतात. खाणीवरील किंमत, कर आणि केंद्राचा स्थिर खर्च यात धरलेला नाही. शिवाय भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेचदा ३५ ते ४० टक्के असते. म्हणजे रेल्वेच्या दहा वाघिणींपैकी साडेतीन-चार वाघिणींतून जे वाहून नेले जाते, त्याची पुढे राखच होणार असते आणि तिची विल्हेवाट लावण्याचा खर्चही राज्यालाच सोसावा लागतो.

आता याच्या दुसऱ्या बाजूचा विचार करावा. १,००० मेगावॅट पवन क्षमता वर्षातील सरासरी ३० टक्के क्षमतेने चालली, तर सुमारे २६३ कोटी युनिट वीज मिळते. तेवढ्या विजेसाठी १८ लाख टनांहून अधिक कोळसा जाळावा लागला असता. ५० हजार टन क्षमतेच्या जहाजाच्या या सदतीस फेऱ्या झाल्या. हा कोळसा, त्याचे रेल्वेभाडे आणि त्याची राख हे सारे टळते. वाऱ्याला इंधनखर्च नाही, या वाक्याचा राज्याच्या दृष्टीने हा प्रत्यक्ष अर्थ आहे. जेथे कोळसा दुरून येतो, तेथे वाऱ्याच्या प्रत्येक युनिटाचे मूल्य खाणींच्या राज्यांपेक्षा अधिक ठरते.

आयात कोळशाने या हिशेबात अनिश्चिततेची भर घातली. देशी कोळसा अपुरा पडल्यास इंडोनेशिया व अन्य देशांतून तो आणला जातो. २०२१-२२ मध्ये आंतरराष्ट्रीय किमती भडकल्या, तेव्हा आयात कोळशावर चालणाऱ्या अनेक केंद्रांना वीज विकणे परवडेना आणि केंद्र शासनाला मे २०२२ मध्ये वीज कायद्याच्या कलम ११ खाली त्यांना निर्मिती सुरू ठेवण्याचे निर्देश द्यावे लागले. इंधनाच्या किमतीतील चढउतार हाही एक खर्चच असतो, फक्त तो वार्षिक दरपत्रकात दिसत नाही. पंचवीस वर्षांसाठी ठरलेल्या दराने मिळणारी पवन किंवा सौर वीज ही या चढउतारांविरुद्धची विमा पॉलिसी आहे. अर्थात, या विम्याचा हप्ता कधी कधी महाग पडतो.

प्रदूषणासारख्या बाह्य खर्चाची किंमत करातून वसूल करावी, हे अर्थशास्त्रातील पिगू यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व होय. २०१० मध्ये कोळशावर प्रतिटन ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविण्यात आला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्याची जागा भरपाई उपकराने घेतली. सप्टेंबर २०२५ मधील कर-फेररचनेत हा उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. यातील सूक्ष्म फरक विद्यार्थ्यांनी टिपावा. प्रतिटन ठरावीक उपकराचा भार स्वस्त, निकृष्ट कोळशावर तुलनेने अधिक पडतो. किमतीच्या टक्केवारीने आकारलेला कर महाग, उत्कृष्ट कोळशावर अधिक पडतो.

पवनचक्क्या कोणी उभारल्या ?

१९८६ मध्ये देशातील पहिली प्रायोगिक पवनक्षेत्रे तीन किनारी ठिकाणी उभी राहिली : महाराष्ट्रात रत्नागिरी, गुजरातमध्ये ओखा आणि तामिळनाडूत तुतिकोरीन. ५५ किलोवॅटची ती यंत्रे आजच्या मानाने खेळण्यासारखी होती. मात्र तिन्ही राज्यांचा आरंभ एकाच वर्षी होऊनही १९९० च्या दशकात तामिळनाडू कितीतरी पुढे गेला. वाऱ्याचा वेग हे त्याचे एक कारण. दुसरे कारण प्राप्तिकर कायद्यात दडलेले होते.

पवनचक्कीच्या संपूर्ण किमतीचा घसारा पहिल्याच वर्षी मांडण्याची सवलत त्या काळी होती. नफ्यातील कंपनीला कर वाचविण्याचा हा सोपा मार्ग वाटला. कोईमतूर-तिरुप्पूर पट्ट्यातील सूतगिरण्या व कापडगिरण्यांना विजेची मोठी गरज होती आणि नफाही होता. त्यांनी मुप्पंदल, उडुमलपेट या भागांत यंत्रे उभारली. १९९६ च्या सुमारास किमान पर्यायी कर आला, तशी ही लाट ओसरली. पुढे घसारा ८० टक्के झाला. २०१२ मध्ये ही वेगवान सवलत काढून घेण्यात आली, २०१४ मध्ये ती परत आली आणि एप्रिल २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर मर्यादित झाली. दर वेळी नव्या यंत्रांच्या उभारणीचा आलेख या सवलतीच्या मागोमाग वर-खाली झाला. जी सवलत यंत्र उभारण्यासाठी असते, वीज निर्माण करण्यासाठी नसते, ती यंत्रांची संख्या वाढवते. उत्पादकतेची हमी देत नाही. म्हणून डिसेंबर २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्मितीवर प्रतियुनिट ५० पैसे प्रोत्साहन देणारी योजना आणण्यात आली. प्रोत्साहन निविष्टीवर द्यावे की उत्पादनावर, या प्रश्नासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

वीज कायदा २००३ ने या प्रक्रियेस कायदेशीर अधिष्ठान दिले. कलम ८६ (१) (ई) नुसार अपारंपरिक स्रोतांना चालना देण्याची व त्यांच्या खरेदीची टक्केवारी ठरविण्याची जबाबदारी राज्य वीज नियामक आयोगांवर टाकण्यात आली. स्वतःच्या वापरासाठीच्या वीजनिर्मितीला परवान्याची अट राहिली नाही. २००५ च्या नियमांनुसार, वापरकर्त्यांकडे किमान २६ टक्के मालकी असली आणि त्यांनी किमान ५१ टक्के वीज वापरली, की तो प्रकल्प स्वयंवापराचा ठरतो. तामिळनाडूतील शेकडो लहान-मोठ्या उद्योगांनी या तरतुदीचा आधार घेतला. २००८ ते २०१३ या काळात राज्यात विजेची तीव्र टंचाई होती. २०१२ मध्ये तर दिवसाचे अनेक तास भारनियमन चाले. तिरुप्पूरच्या निर्यातदाराला परदेशी ग्राहकाने दिलेली मुदत पाळायची असते. त्याच्या दृष्टीने पवनचक्कीची तुलना सरकारी विजेच्या दराशी नव्हती; ती डिझेल जनरेटरच्या खर्चाशी किंवा बंद पडलेल्या यंत्रमागाशी होती.

भांडवल आणि व्याज

पवन व सौर प्रकल्पांचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होतो. त्यामुळे त्यांच्या विजेचा दर हा मुख्यतः व्याजदराचा प्रश्न ठरतो. एक मेगावॅटच्या पवनचक्कीस ७ कोटी रुपये लागतात, आयुष्य २५ वर्षे आहे आणि सरासरी वापर ३० टक्के आहे असे मानू. भांडवलाचा खर्च दरसाल १० टक्के असेल, तर वार्षिक परतफेड सुमारे ७७ लाख रुपये येते आणि २६ लाख २८ हजार युनिटांवर ती विभागल्यास प्रतियुनिट २ रुपये ९३ पैसे पडतात. व्याज ७ टक्के असेल, तर हाच आकडा २ रुपये २९ पैशांवर येतो. वारा तोच, यंत्र तेच. फरक ६४ पैशांचा. देखभालीचा खर्च यात धरलेला नाही.

व्याजदर कशावरून ठरतो ? बँक कर्ज देताना वाऱ्याचा अभ्यास करते, तशीच वीज कोण विकत घेणार आणि पैसे वेळेवर देणार काय, याचीही चौकशी करते. वितरण कंपनी देयके थकविते असा लौकिक झाला, की कर्ज महागते आणि पर्यायाने त्याच कंपनीला महाग वीज घ्यावी लागते. तामिळनाडूत पवनचक्कीधारकांची देयके वर्षभराहूनही अधिक काळ थकल्याची उदाहरणे गेल्या दशकात वारंवार चर्चेत आली. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने विलंब अधिभारासंबंधीचे नियम लागू केले. त्यांनुसार थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची सोय झाली आणि पैसे न देणाऱ्या कंपनीला बाजारातून अल्पमुदतीची वीज घेण्यास निर्बंध आले. अशा रूक्ष वाटणाऱ्या नियमांचा स्वच्छ ऊर्जेच्या दरावर होणारा परिणाम अनेक गाजावाजा झालेल्या योजनांपेक्षा अधिक असतो.

दर ठरविण्याची पद्धतही बदलली. पूर्वी नियामक आयोग दर निश्चित करी. २०१७ पासून पवन ऊर्जेतही स्पर्धात्मक बोली आली. फेब्रुवारी २०१७ मधील पहिल्या लिलावात दर ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. सौर ऊर्जेत मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे असा दर नोंदला गेला. ग्राहकाच्या दृष्टीने ही आनंदाची बाब; पण ज्यांनी आधी घाई केली त्यांचे काय ? रामनाथपुरम जिल्ह्यातील कमुती येथे २०१६ मध्ये ६४८ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा तो जगातील मोठ्या प्रकल्पांत गणला गेला. त्याच्या विजेचा दर ७ रुपये १ पैसा होता. काही महिन्यांतच बाजारभाव निम्म्याखाली आला, तरी करार पंचवीस वर्षांचा. विम्याचा हप्ता महाग पडतो म्हणतात तो असा. मात्र नव्या तंत्रज्ञानाचा आरंभीचा खर्च कोणीतरी सोसल्याशिवाय ते स्वस्तही होत नाही. हा भार एका राज्याच्या वीजग्राहकाने सोसावा की राष्ट्रीय निधीतून सोसला जावा, याबाबत मतभेदास जागा आहे; दुसरा पर्याय अधिक न्याय्य वाटतो.

जुलैचे युनिट आणि जानेवारीचे युनिट

आतापर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट जाणूनबुजून बाजूला ठेवली होती. सर्व युनिटे सारखी आहेत, असे मानले होते. वस्तुतः वीज ही साठवण्यास अवघड अशी वस्तू असल्याने तिचे मूल्य तासागणिक बदलते. तामिळनाडूत वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर. जुलै २०२२ मध्ये राज्याला एका दिवसात पवन ऊर्जेची १२ कोटींहून अधिक युनिटे मिळाल्याची नोंद आहे. हे प्रमाण त्या काळातील दैनंदिन गरजेच्या सुमारे एक तृतीयांश होते. हिवाळ्यात हीच यंत्रे दिवसचे दिवस जवळजवळ स्तब्ध उभी असतात. विजेची सर्वोच्च मागणी मात्र एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, वारा पुरता सुरू होण्यापूर्वी येते. मे २०२४ मध्ये ती २० हजार मेगावॅटच्या पुढे गेली.

कोईमतूरच्या गिरणीमालकाने जुलैत निर्माण केलेली जादा वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात सोडावी आणि जानेवारीत तितकीच युनिटे परत घ्यावीत, अशी सोय राज्यात दीर्घकाळ होती. तिला ‘बँकिंग’ म्हणतात. नाव बँकेचे असले तरी व्यवहार वेगळा आहे. बँकेत ठेवलेला रुपया कर्जाऊ दिला जातो. जाळ्यात सोडलेले युनिट त्याच क्षणी वापरले जाते, शिल्लक काहीच राहत नाही. जुलैत त्या युनिटामुळे कोळशाचा जो खर्च वाचला, तो समजा अडीच रुपये. जानेवारीत ते परत करण्यासाठी कंपनीला बाजारातून संध्याकाळची वीज समजा आठ रुपयांना घ्यावी लागली. साडेपाच रुपयांची तूट कंपनीच्या, म्हणजे अखेर इतर ग्राहकांच्या माथी पडली. कंपनीने यासाठी शुल्क आकारावे, सवलतीचा काळ कमी करावा किंवा ती बंदच करावी अशी मागणी केली. नियामक आयोगाने मार्च २०१८ नंतर उभारलेल्या पवनचक्क्यांना ही सवलत नाकारली आणि वाद अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेला.

यात चूक कोणाची ? गिरणीमालकाचे म्हणणे असे की, राज्य भारनियमन करीत होते तेव्हा त्याने स्वतःचे भांडवल गुंतविले आणि बँकिंग गृहीत धरूनच कर्ज काढले. कंपनीचे म्हणणे असे की, साठवणुकीची सेवा कोणी फुकट देत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. साठवणुकीला बाजारात किंमतच नव्हती, म्हणून ती कोणी मोजावी हे वर्षानुवर्षे न्यायालयीन लढाईतून ठरत राहिले.

आता ती किंमत दिसू लागली आहे. जून २०२० मध्ये वीज बाजारात दर अर्ध्या तासाचे लिलाव सुरू झाले. दुपारी सूर्यप्रकाश मुबलक असताना दर घसरतो. सूर्यास्तानंतर तो अनेकदा चढतो आणि टंचाईच्या दिवसांत प्रतियुनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ही मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १२ रुपयांवरून कमी करण्यात आली. दुपार आणि संध्याकाळ यांच्या दरांतील हे अंतर म्हणजेच साठवणुकीची किंमत होय.

साठवणुकीचे साधन राज्याकडे पूर्वीपासून आहे. कोईमतूर जिल्ह्यातील कदंपराई येथे ४०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. महाराष्ट्रातील घाटघर प्रकल्पाप्रमाणेच तेथे स्वस्त विजेच्या वेळी खालच्या जलाशयातील पाणी वर चढविले जाते आणि महाग विजेच्या वेळी खाली सोडले जाते. चढविण्यासाठी खर्च झालेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश परत मिळते. निलगिरीत कुंदा येथे ५०० मेगावॅटचा असाच प्रकल्प हाती घेण्यात आला. मात्र अशा प्रकल्पाने दुपारची वीज संध्याकाळी मिळते. जुलैची वीज जानेवारीत मिळत नाही. ऋतूंमधील अंतर भरून काढण्यास सौर ऊर्जेची जोड उपयुक्त ठरते, कारण जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत, वारा मंद असतानाच, रामनाथपुरमसारख्या जिल्ह्यांत ऊन कडक असते. खरी अडचण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाची आहे. तेव्हा वारा ओसरलेला असतो आणि ईशान्य मोसमी ढगांनी सूर्यही झाकलेला असतो. या तीन महिन्यांसाठी कोळसा, कुडनकुलमची अणुवीज, जलविद्युत आणि शेजारी राज्ये यांचा आधार घ्यावाच लागतो.

सोलापूरची वाहिनी

शेजारी राज्यांचा आधार पूर्वी फारसा मिळत नसे. दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक नव्हते. देवाणघेवाण तालचेर-कोलारसारख्या मोजक्या उच्चदाब एकदिश वाहिन्यांतून होई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि संपूर्ण देशाचे जाळे एकाच वारंवारतेवर आले. पुढे छत्तीसगडमधील रायगडपासून तामिळनाडूतील पुगलूरपर्यंत ६ हजार मेगावॅट क्षमतेची ८०० किलोव्होल्टची वाहिनी उभारण्यात आली. टंचाईत ती दक्षिणेला वीज आणते. वाऱ्याच्या हंगामात प्रवाह उलटा फिरवून जादा वीज उत्तरेकडे पाठविता येते. राज्यांतर्गत पारेषणासाठी २०१५ मध्ये मंजूर झालेल्या हरित ऊर्जा मार्गिका योजनेत तामिळनाडूसह आठ राज्यांचा समावेश होता. वाहिनी अपुरी असली, तर फिरणारी पवनचक्की बंद करण्याचा आदेश द्यावा लागतो आणि देशातील सर्वात स्वस्त वीज वाया जाते. ग्रिड संहितेने अशा विजेला अग्रक्रम दिला आहे. तांत्रिक सुरक्षिततेचे कारण नसताना केवळ पैशाच्या सोयीसाठी सौर वीज रोखता येणार नाही, असे अपिलीय न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये तामिळनाडूच्याच प्रकरणात स्पष्ट केले.

वितरण कंपनीचा ताळेबंद

या साऱ्या व्यवहारांचा भार शेवटी वितरण कंपनीवर येऊन पडतो. तामिळनाडूत १९९० पासून सर्व शेतकऱ्यांना शेतीपंपासाठी वीज मोफत आहे. २०१६ पासून घरगुती ग्राहकांना दर दोन महिन्यांस पहिली १०० युनिटे मोफत मिळतात. डिसेंबर २०१४ नंतर पुढील सर्वसाधारण दरवाढ झाली ती थेट सप्टेंबर २०२२ मध्ये. राज्य जानेवारी २०१७ मध्ये केंद्राच्या ‘उदय’ योजनेत सामील झाले, तरी कंपनीचा संचित तोटा एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. २०२४ मध्ये कंपनीचे विभाजन करून हरित ऊर्जेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापण्यात आले.

उद्योगांकडून जादा दर घेऊन शेतकरी व गरीब घरांना स्वस्त वीज द्यायची, या व्यवस्थेला आंतर-अनुदान म्हणतात. उद्योगाने स्वतःची पवनचक्की उभारली, की हा जादा दर देणारा ग्राहक गळतो. उरलेल्यांवर भार वाढतो, दर वाढतात आणि आणखी ग्राहक बाहेर पडतात. म्हणून वितरण कंपनी स्वच्छ ऊर्जेकडे संशयाने पाहते. हा संशय अज्ञानातून आलेला नाही, ताळेबंदातून आलेला आहे. समाजाच्या दृष्टीने जे युनिट स्वस्त, तेच कंपनीच्या दृष्टीने महसूल घटविणारे, असा हा पेच आहे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची पंतप्रधान कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. अनुदानाचा बोजा मुळातून कमी करण्याची क्षमता तिच्यात आहे, कारण तिच्यामुळे दूरवरच्या केंद्रातून महाग वीज आणून फुकट वाटण्याची गरज घटते. मात्र फुकट वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याने पंपासाठी स्वतःचा हिस्सा का भरावा, या प्रश्नाचे उत्तर योजनेत सहज सापडत नाही.

समुद्रातील वारा, खिंडीतील जुनी यंत्रे

पुढील विस्ताराची चर्चा दोन दिशांनी होते. पहिली समुद्राकडे. राष्ट्रीय सागरी पवन ऊर्जा धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची व्यवहार्यता तफावत निधी योजना मंजूर केली. त्यातून गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी ५०० मेगावॅटचे प्रकल्प अपेक्षित असून ६०० कोटी रुपये दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. समुद्रावर वारा अधिक स्थिर असतो. त्यामुळे तेथील युनिटाचे मूल्य जमिनीवरील युनिटापेक्षा जास्त, पण उभारणीचा खर्चही कितीतरी जास्त. शिवाय मन्नारचे आखात रिकामे नाही. एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान आणि रामनाथपुरम-तुतिकोरीनच्या मच्छीमारांची उपजीविका तेथे आहे. जाळी टाकण्याच्या जागा गेल्यास त्याची किंमत प्रकल्प अहवालात कोणत्या दराने धरावी, हा प्रश्न कोळशाच्या राखेइतकाच बाह्य खर्चाचा प्रश्न आहे.

दुसरी दिशा जुन्या यंत्रांकडे जाते. देशातील उत्तम वारा असलेल्या जागांवर, अरलवायमोळीच्या खिंडीत आणि आसपास, १९९० च्या दशकातील २२५-२५० किलोवॅटची यंत्रे आजही उभी आहेत. उंची कमी, पाती लहान. १५ टक्के सरासरीने चालणारे असे यंत्र प्रतिमेगावॅट १३ लाख युनिटे देते, तर त्याच वाऱ्यात नवे यंत्र दुप्पट आणि त्याहूनही अधिक. म्हणून केंद्राने २०१६ व २०२३ मध्ये आणि राज्याने २०२४ मध्ये यंत्रांच्या नवीकरणाचे धोरण आणले. कागदावर हा सौदा सर्वांच्या फायद्याचा आहे. प्रत्यक्षात जुन्या यंत्राचे कर्ज केव्हाच फिटले आहे, त्याची जमीन लहान तुकड्यांत अनेक मालकांत वाटलेली आहे आणि त्याला जुन्या अटींवर बँकिंग मिळते. नवे यंत्र उभारले की नव्या अटी लागू होतात. राज्याच्या धोरणातील शुल्क आणि बँकिंगवरील मर्यादा यांवर पवनचक्कीधारकांच्या संघटनांनी आक्षेप घेतले ते यामुळेच. गिरणीमालक वहीत दोन रकाने आखतो. एकात दुप्पट वीज व नवे कर्ज, दुसऱ्यात निम्मी वीज व जानेवारीत परत मिळणारी युनिटे. बहुतेकदा दुसऱ्या रकान्याची बेरीज जास्त भरते आणि सर्वोत्तम वाऱ्याच्या वाटेवर तीस वर्षांपूर्वीचे यंत्र फिरत राहते.